सकाळपुरते पाय

माझी ताई सात वर्षांची होईपर्यंत आमच्या गल्लीत तिच्याइतकं जोरात कुणी पळत नव्हतं. मी तेव्हा चार वर्षांचा, त्यामुळे मला स्वतःला आठवत नाही, पण शेजारीपाजारी अजून सांगतात. "पोरीच्या पायाला भिंगरी होती रे," म्हणतात.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली आणि जिना चढताना तिचा डावा पाय आत वळला. टाच काही टेकेना. लचकला असेल म्हणत आईनं पाय चोळून दिला. सकाळी ताई उठली तर पाय ठणठणीत. संध्याकाळी पुन्हा वाकडा. असं महिनाभर चाललं, मग उजवाही वळू लागला. दोन वर्षांत गत अशी झाली की सकाळी उड्या मारत शाळेत जाणारी मुलगी दुपारी भिंत धरून घरी यायची, आणि अंधार पडायच्या सुमाराला चवड्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत मोरीपर्यंत जायला तिला पाच मिनिटं लागायची. शाळेत तिचं नाव पडलं 'नाचरी'.

आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. सकाळी सहा ते दुपारी दोन. बाबा बस चालवायचे, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. त्यामुळे ताईची सकाळ घरात बहुतेक मीच बघायचो. आणि सहा वर्षांच्या या शहाण्यानं एके दिवशी आईला जाऊन सांगितलं, "आई, ही नाटक करते. सकाळी मी हिला पळताना पाहिलं. माझ्या पुढे गेली."

मी खोटं बोललो नव्हतो.

त्या संध्याकाळी आईनं तिला मोजपट्टीनं मारलं. "चाल! नीट चाल! सकाळी येतं तर आत्ता काय झालं?" ताई चालायचा प्रयत्न करत होती. घाबरल्यामुळे पाय आणखी वळत होते, आणि ते वळले की आईचा हात पुन्हा उठत होता. मी दाराआड उभा होतो. ताई रडली नाही. स्वतःच्या पायांकडे नुसती बघत राहिली, ते दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी आईनं रजा टाकली आणि तिला रुग्णालयात नेलं. ज्या रुग्णालयाच्या चादरी ती धुवायची, तिथेच. डॉक्टरांनी ताईला टेबलावर झोपवलं, पाय ओढून पाहिले आणि लिहायला घेतलं. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असणार. आयुष्यभराचं आहे. व्यायाम, पट्ट्यांचे बूट, पुढे शस्त्रक्रिया.

आई म्हणाली, "अहो, पण जन्माचं असतं तर ही सात वर्षं पळाली कशी?"

डॉक्टर लिहीत होते.

"आणि सकाळी तर अजूनही चांगली—"

"मुलं संध्याकाळी दमतात, बाई," डॉक्टर म्हणाले. मान काही वर केली नाही. ज्यांचे पांढरे कोट ती रोज धुवायची, त्यांच्यापुढे तिची जीभ रेटली नाही. ती कागद घेऊन बाहेर आली.

ताईच्या पायांना तीनदा प्लास्टर झालं. अकराव्या वर्षी दोन्ही टाचांमागची जाड शीर कापून लांब केली. त्या जखमा भरायला चार महिने लागले. संध्याकाळचे पाय होते तसेच राहिले, फक्त सकाळचं पळणं तेवढं गेलं. नववीनंतर तिनं शाळा सोडली. चाकांची खुर्ची आली. दरवाज्यातून ती नेताना माझी आणि बाबांची बोटं किती वेळा चेंगरली त्याला गणती नाही.

सतराव्या वर्षी ताईला पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम मिळालं. छापखान्यातून मोठमोठे छापील कागद यायचे. त्यांच्या घड्या घालून फर्मे करायचे, फर्मे एकावर एक रचून सुई-दोऱ्यानं शिवायचे, पाठीला सरस लावायचा. ताई शिवायला बसायची. हात असा चालायचा की बाकीच्या बायका म्हणायच्या, "अगं, आम्हाला पण जगू दे." ती सकाळी सातला घरून पायी निघायची, थोडी लंगडत, पण पायी. तिथे बसायला दुसरी खुर्ची कारखान्यातच ठेवलेली असायची, आणि बाकीच्यांच्या आधी, तीन वाजता सुटून ती रिक्षानं घरी यायची. सुरुवातीला दुपारी दोनपर्यंत तिचं निभायचं. तिशीत बारा. चाळिशीत साडेदहा. मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता ताईच्या पायांकडे बघायचे. "हिची टाच उचलली. अकरा वाजत आले. चहा टाका." सगळे हसायचे, ताईही हसायची. जेवणाच्या सुट्टीत ती कोऱ्या कागदांच्या थप्प्यांवर तासभर गाढ झोपायची. उठली की अर्धा तास पाय पुन्हा तिचे व्हायचे. लोकांना वाटायचं, आरामानं कुणालाही बरं वाटतंच.

तिथे कटिंगच्या मशीनवर एक माणूस होता. सगळे त्याला कटर म्हणायचे. ताई सव्वीसची असताना त्यानं तिला लग्नाचं विचारलं. ताई म्हणाली, "तुम्ही मला दुपारी चारनंतर पाहिलेलं नाही."

तो म्हणाला, "मग दाखवा."

तिनं दाखवलं नाही. तीन वर्षांनी त्यानं दुसरीकडे लग्न केलं. हे मला त्याच्याकडूनच कळलं, खूप उशिरा. ताईनं घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

बाबा गेले. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकलो, लग्न केलं, मुलगी झाली. तिला आम्ही चिंगी म्हणतो. आई, ताई, मी, बायको, चिंगी, असे दोन खोल्यांत पाच जण. चिंगीचं आत्याशिवाय पान हलायचं नाही.

चिंगी आठ वर्षांची झाली त्या वर्षी एका संध्याकाळी मी कामावरून आलो. ती पुढच्या खोलीतून पाण्याचा पेला घेऊन येत होती आणि पाणी सांडत होती. मी सहज खाली पाहिलं. तिचा डावा पाय आत वळला होता. टाच वर.

तो पाय मी ओळखला, पण तोंडातून जे निघालं ते वेगळंच. मी ओरडलो, "नीट चाल! आत्याची नक्कल करतेस? नाटकं बंद कर!"

चिंगीच्या हातून पेला पडला. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली ताई माझ्याकडे बघत होती.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मी खाली वाकून पेला उचलला.

"काय म्हणालास ते पुन्हा म्हण. मला नीट ऐकू दे."

चिंगी रडत रडत म्हणाली, "बाबा, मी नाही करत. तो आपोआप होतो. सकाळी बरा असतो." स्वयंपाकघरातून आई बाहेर आली होती. ती दारातच खाली बसली. एवढी वर्षं त्या घरात जे कुणी बोललं नव्हतं, ते आठ वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात जमिनीवर टाकलं होतं.

आम्ही चिंगीला दुसऱ्या रुग्णालयात नेलं. ताई म्हणाली, मी येणार. कुणाची नाही म्हणायची छाती नव्हती. मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याहून लहान. सकाळचे दहा वाजले होते आणि चिंगी त्यांच्यासमोर तुरुतुरु चालली. मला वाटलं, झालं, आता म्हणतील काही नाही हिला. पण बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कधी जास्त होतं?"

"संध्याकाळी."

"झोपून उठल्यावर?"

"एकदम चांगली असते."

"आज संध्याकाळी सहाला पुन्हा आणाल? मी थांबते."

संध्याकाळी बाईंनी तो पाय पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांची नजर चिंगीच्या मागे खुर्चीत बसलेल्या ताईकडे गेली. पायांकडे. टाचांमागच्या जुन्या पांढऱ्या व्रणांकडे.

"या कोण?"

"माझी बहीण. तिचं वेगळं आहे," मी म्हणालो. "जन्माचं."

"तुम्ही चालायला लागलात तेव्हा कशा चालायचात?" बाईंनी थेट ताईला विचारलं.

"पळायचे," ताई म्हणाली. "सात वर्षांची होईपर्यंत."

"मग जन्माचं कसं?"

आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठले. हाच प्रश्न तिनं बत्तीस वर्षांपूर्वी विचारला होता. तो कुणीतरी तिला परत करत होतं.

बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. मेंदूत अगदी खोलवर पेशींचे काही पुंजके असतात. पाय टाक, हात उचल, हा हुकूम वरून सुटतो, पण कुठला स्नायू किती ताणायचा आणि त्याच वेळी कुठला सैल सोडायचा, हे त्या पुंजक्यांच्या हातात. त्यांना त्यासाठी एक रसायन लागतं. काही घराण्यांत ते शरीरात कमी तयार होतं. झोपेत थोडं साठतं, दिवसभरात संपतं. संपलं की सैल सुटायला हवेत ते स्नायूही ओढू लागतात, आणि पाय पिळल्यासारखा वळतो. मी लिफ्टवाला, मला माझ्या भाषेत कळलं. मोटर शाबूत, दोर शाबूत, पण कंट्रोलला पुरेसा करंटच नाही, आणि आम्ही वर्षानुवर्षं दोर कापत बसलो होतो.

"पुंजके खराब झालेले नाहीत?" बायकोनं विचारलं.

"नाहीत. म्हणूनच तर." बाईंनी चिठ्ठी लिहिली. "म्हाताऱ्या माणसांना कंपवातासाठी देतात ती गोळी. अगदी थोडी, पाव पाव. चिंगीला आणि," त्या ताईकडे वळल्या, "तुम्हालाही. खात्री नाही देत. पण माझा अंदाज बरोबर असेल तर फार दिवस वाट बघावी लागणार नाही."

ताई हसली. "डॉक्टर, मी एकेचाळीस वर्षांची आहे."

"गोळीला वय कळत नाही."

चिंगीचा पाय दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरळ राहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या, तिला उचलून घेतलं. ताईकडे कुणी पाहत नव्हतं. खरं म्हणजे पाहायची भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारचे साडेचार. आई ओट्यापाशी उभी होती, बायको कपडे घडी करत होती. ताई खुर्चीत बसून कांदा चिरत होती. पातेल्यावरचं झाकण हवं म्हणून ती उठली, फळीपर्यंत गेली, झाकण घेतलं, परत आली आणि पातेल्यावर ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं.

ताई ओट्याच्या कडेला हात टेकून उभी होती. दोन्ही टाचा फरशीवर. तिनं एक पाऊल उचललं, टाकलं. दुसरं. ती दारापर्यंत गेली, वळली. मला वाटलं होतं, असा क्षण आला तर माणूस आनंदानं ओरडेल. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरात चोर शिरला आहे हे कळल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा.

"ही गोळी," ती म्हणाली, "तेव्हा होती?"

बाईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं. होती. ताई सात वर्षांची होती तेव्हाही ती गोळी औषधाच्या दुकानांत मिळत होती.

"होती का ते सांग."

"होती."

आई मोरीत गेली आणि तिनं आतून कडी घातली. पाण्याचा नळ सोडलेला ऐकू आला. दोन तास ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं गोळ्या घेणं बंद केलं. आम्ही हातापाया पडलो. डॉक्टर बाईंनी फोनवर रागावून पाहिलं. ती म्हणाली, "मला बघायचंय. हे खरं आहे की तुम्ही सगळे मिळून मला वेड लावताय." दोन दिवस ती वाट बघत बसली. तिसऱ्या दुपारी पाय वळले, टाचा उचलल्या, पाठ वाकडी झाली. ती खुर्चीत बसली आणि गोळी मागितली. पाणी मी दिलं. तासाभरानं ती उठली, आणि आता मात्र तिच्या तोंडून आवाज फुटला. ते रडणं नव्हतं. मी लिफ्टच्या खड्ड्यात अडकलेल्या माणसांचे आवाज ऐकले आहेत. तसा होता.

"चौतीस वर्षं," ती म्हणत होती. "पाव गोळी. अरे, पाव गोळी!"

मग ती आईकडे वळली. आई समोर उभी राहिली, पळाली नाही. ताई म्हणाली, "तू पट्टीनं मारलंस."

"मारलं," आई म्हणाली.

"मी सांगत होते, येत नाही म्हणून."

"सांगत होतीस."

"मग?"

"माझं चुकलं," आई म्हणाली. "माझा हात तोड." आणि तिनं खरंच हात पुढे केला, म्हातारा, साबणाच्या पाण्यानं चामडं झालेला. ताईनं तो धरला नाही आणि झटकलाही नाही. मी मध्ये पडलो. म्हणालो, "चुगली मी केली होती. मीच सांगितलं होतं, ही नाटक करते म्हणून."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "दाराच्या फटीतून तुझे पाय दिसत होते."

पुढच्या महिन्यात तिनं जुन्या रुग्णालयातून तिचे कागद मागवायचं ठरवलं. दोघं मिळून गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं, एवढे जुने कागद राहत नाहीत. ताईनं त्या डॉक्टरांचं नाव घेतलं. कारकून म्हणाला, "ते जाऊन नऊ वर्षं झाली." ताई बाकावर बसली. "म्हणजे आता मी भांडू कुणाशी?" तिनं मला विचारलं. खरंच विचारत होती, उत्तर हवं होतं तिला.

चिंगीच्या डॉक्टर बाईंनी एकदा विचारलं, शिकाऊ डॉक्टरांसमोर येऊन तुमची हकीकत सांगाल का? ताई म्हणाली, "नाही. माझ्या पायांकडे खूप लोकांनी बघून झालंय." बाईंनी पुन्हा विचारलं नाही. पण घरी येताना ताई म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं ना मी? की आई काय म्हणते ते ऐका." मी म्हणालो, "सांगशील कधीतरी." ती म्हणाली, "बघू."

सगळं काही परत आलं असं नाही. कापलेल्या शिरांमुळे डाव्या पायात जोर कमीच आहे. ती पळू शकत नाही, जिना उतरताना कठडा धरते. कारखान्यात ती आता पूर्ण दिवस बसते. कटर भेटला, त्याची मुलं मोठी झाली आहेत. त्यानं तिला चार वाजता उभी पाहिली आणि मशीन बंद केली. दोघं काय बोलले मला ठाऊक नाही. आईशी ती बोलते, पण मोजकं. आई रोज सकाळी तिच्या आणि चिंगीच्या गोळ्यांचे तुकडे करून दोन बशांत ठेवते, आणि ताई बशी उचलते.

एका संध्याकाळी ताई म्हणाली, "चल जरा, पाय मोकळे करून येऊ." आमच्या गल्लीतून आम्ही डावीकडे वळलो. ती हळूहळू चालत होती, मान वळवून वळवून बघत होती. बस थांब्यावरची गर्दी. इस्त्रीच्या दुकानातली वाफ. दुसऱ्या चौकात ती थांबली. कोपऱ्यावर एक दुकान होतं, काचेच्या मोठमोठ्या टाक्या, आत हिरवे-निळे दिवे आणि शेकडो मासे. ते दुकान संध्याकाळी पाचनंतरच उघडतं. ताई काचेला नाक लावून उभी राहिली.

"हे कधी उघडलं?" तिनं दारातल्या माणसाला विचारलं.

"एकोणीस वर्षं झाली, बाई," तो म्हणाला. "तुम्ही इथे नवीन राहायला आलात वाटतं?"

मी सांगायला तोंड उघडलं. घर तिथून दीडशे पावलांवर होतं.

"हो," ताई म्हणाली. "आत्ताच आले."